‘इशारा मिळूनही मुलं थांबली’ हे पटलं नाही

रशियाच्या हल्ल्याआधी युक्रेनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांनी देश सोडण्याचा दूतावासाचा इशारा ‘बेफिकिरीने दुर्लक्षित केला’, असं तुमच्या लेखात म्हटलंय. माझा भाचा तेव्हा खारकिव्हला एमबीबीएस करत होता. १५ फेब्रुवारी २०२२ ची ती सूचना एकदा नीट वाचा हो. ज्यांचं राहणं आवश्यक नाही त्यांनी तात्पुरतं निघण्याचा विचार करावा, एवढंच त्यात होतं. तिकडे कॉलेज ऑफलाइन सुरू, हजेरी सक्तीची. यावलला बसलेल्या बापाने केळीच्या पैशातून फी भरलेली, त्यात विमानाची तिकिटं कडाडलेली. सांगा, कोण निघेल? आणि २४ तारखेला तर रशियाने हल्लाच केला, हवाई हद्द बंद झाली.

त्यानंतर मेट्रो स्टेशनात पुठ्ठ्यावर झोपणं सुरू झालं. चार्जिंग टिकावं म्हणून फोन बंद, दिवसातून एकदाच निरोप: ‘माय, मी बरा शे.’ ताई तेवढ्यासाठी मोबाइल उशाशी घेऊन जागायची. १ मार्चला कर्नाटकचा एक विद्यार्थी किराण्याच्या रांगेत असताना हल्ल्यात गेला, ती बातमी आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्याने वाचली नाही. दुसऱ्याच दिवशी दूतावासाचा आदेश आला, संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, गाडी मिळाली नाही तर पायी निघा. स्टेशनवर गाडीत आधी तिथल्या बायका-पोरांना घेत होते (त्यात त्यांचं चुकलं असंही नाही), म्हणून ही पोरं बर्फातून शहराबाहेरच्या पिसोचिनकडे चालत गेली. बेफिकीर पोरं असं करतात का?