डेटॉलने धुतलं की एचआयव्ही होत नाही?? खोटंय हे

भिवंडीच्या लूमवाल्यांच्या आणि साइटवरच्या लेबर लोकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की संबंध झाल्यावर लगेच लघवी करायची आणि लिंबू नाहीतर डेटॉलने धुवायचं, मग कंडोम नसला तरी चालतं. अजिबात चालत नाही. लिंबू-डेटॉलने नाजूक कातडीची आग होते, बारीक जखमा होतात आणि मग इन्फेक्शन आत जायला उलट सोपं पडतं.

कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही तर सरकारी हॉस्पिटल गाठा, एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या पेप नावाच्या गोळ्या असतात, जितक्या लवकर तितकं बरं आणि 72 तासांच्या आत सुरू व्हायलाच पाहिजेत, पुढे 28 दिवस रोज. एचआयव्हीची टेस्ट आयसीटीसी मध्ये, म्हणजे सरकारी तपासणी आणि सल्ला केंद्रात, फुकट होते, रिझल्ट मुकादमाला वगैरे कोणी सांगत नाही, आणि पॉझिटिव्ह आलात म्हणून कामावरून काढणं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बेकायदेशीर आहे. गावी परत गेलात तर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या उपचाराच्या, गोळ्या तिकडच्या सेंटरला ट्रान्सफर करून मिळतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि गोळ्या मधेच सुटतात.

लाज वाटत असेल तर 1097 या सरकारी एचआयव्ही हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे.