आंब्याच्या बुंध्याशी खड्डे खणू नका

‘आंबा सुकतोय? बुंध्याला चिकटून पहारीने दोन फूट खोल खड्डे करा, युरिया भरा, मुळांना हवा मिळेल,’ असा मेसेज सध्या बागायतदारांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याप्रमाणे कृपया काही करू नका.

मुळांना हवा लागते, हे खरं. पण बुंध्यालगत असतात ती झाडाला तोलून धरणारी जाड मुळं. त्यांना पहार लागली की जखमेतून बुरशी शिरते. अन्न घेणारी केसासारखी बारीक मुळं बरीच लांब, फांद्यांच्या घेराखाली, बहुतेक वरच्या फूट-दोन फुटांतच असतात. घेराच्या कडेची माती हलकेच उकरून पाहा, ती दिसतीलच. एका जागी भरलेला युरिया त्यांना जाळतो.

म्हणून कृषी विद्यापीठाचे लोकही खत बांगडी पद्धतीने द्यायला सांगतात: पावसाच्या सुरुवातीला, घेराखाली साधारण 15 सेंमी खोल गोल चर काढून, कुजलेल्या शेणखतासोबत. पावसाळ्यानंतर नत्र दिलं तर मोहोराऐवजी पालवीच येण्याची भीती. माती घट्ट झाली असेल तर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, गांडुळं ती भुसभुशीत करतात.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.