मूळ रंग दुधी

शनिवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास नाना पेठेतल्या एका रंगाच्या दुकानात माझ्या गाडीचा इतिहास पुसला गेला. हे अलंकारिक बोलणं नव्हे. जुन्या बनियनच्या चिंधीला थिनर लावून एका गृहस्थांनी तो खरोखर पुसला, आणि वर "बघा, कसं लख्ख निघालं!" म्हणून माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं. मी "वा" म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. चार दिवस झाले, रात्री जाग आली की तो "वा" आठवतो आणि पुन्हा झोप लागत नाही.

गाडी म्हणजे १९५१ची एमजी टीडी. मावशीच्या यजमानांची. ते मुंबईत एका कापड गिरणीत मोठ्या हुद्द्यावर होते, मूलबाळ नव्हतं. जाताना त्यांनी दादरचा फ्लॅट पुतण्याला दिला आणि गाडी मला. या वाटणीचा विषय निघाला की आमची ही फक्त "हं" म्हणते. त्या "हं"मध्ये दादरचे आजचे भाव असतात.

दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची गाडी. दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मागे. इंजिन १२५० सीसीचं. इंग्लंडात आबिंग्डनला १९४९ ते १९५३ या काळात अशा साडेएकोणतीस हजारांवर गाड्या झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. एक वाट चुकून आमच्या मावशीकडे आली. सिग्नलला थांबलो की दर वेळी कुणीतरी विचारतं, "काका, जीप किती देते?" पूर्वी मी समजावून सांगायचो. आता "बारा" म्हणतो.

तर ही गाडी लाल आहे. मला आठवतं तेव्हापासून लाल. गेल्या पावसाळ्यात मडगार्डवर फोड आले, पेंटरला दाखवली, तो म्हणाला, सगळी खरवडायला लागेल. कामाला सुरुवात म्हणून मी इंजिनामागच्या टूलबॉक्सचं झाकण सोडवलं. त्याची आतली बाजू हिरवी निघाली.

मी भर दुपारी अंगणात नाचलो. कारण हिरवा म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच हिरवा आला, ब्रिटिश शर्यतीच्या गाड्यांचा. १९०३ साली गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत आयर्लंडमध्ये घ्यावी लागली, कारण इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यत लावायला कायदाच आडवा येत होता. हिरवा हा आयर्लंडचा रंग, म्हणून यजमान देशाचा मान राखायला इंग्रजांनी गाड्या हिरव्या रंगवल्या, आणि पुढे तोच त्यांचा रंग झाला. फ्रेंच निळे, जर्मन पांढरे, इटालियन लाल. म्हणजे माझी गाडी इतकी वर्षं इटलीचं कुंकू लावून फिरत होती! (एमजीवाले लाल टीडीसुद्धा विकायचे, हे मला माहीत होतं. त्या दुपारी मी ते विसरलो.)

मग झाकण पुसून उन्हात धरलं. हिरवा होता, पण तो हिरवा नव्हता. फिक्कट, थोडा राखाडी, थोडा आजारी. सरकारी दवाखान्यात बाकड्यामागे कमरेइतक्या उंचीपर्यंत ऑइलपेंट मारलेला असतो ना, ज्याला टेकून तीन पिढ्यांनी नंबराची वाट पाहिली, तो. कंपनीने त्याला आल्मंड ग्रीन असं नाव दिलं होतं. हिरवा बदाम मी खाल्लेला नाही. पण तो असा दिसत असेल तर खाणारही नाही.

त्या क्षणी झाकण परत लावून गप्प बसलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी ते घरात दाखवलं. ही म्हणाली, "लालच ठेव. या रंगाची गाडी दारात असली की लोकांना वाटेल इथे कुणी ॲडमिट आहे." मुलगा म्हणाला, मॅट ब्लॅक रॅप कर. विंटेज गाड्या बाळगणारे एक परिचित आहेत. ते स्क्रूच्या खाचा कोणत्या दिशेला आहेत तेही टॉर्च लावून बघतात. ते म्हणाले, "मूळ रंग सापडल्यावर लाल मारणं म्हणजे पाप." त्यांची स्वतःची गाडी मुळातच सुंदर रंगाची आहे. अशा माणसांना तत्त्वं परवडतात.

पेंटर म्हणाला, कुठलाही मारू, पण भट्टीत घालून तापवला तर शोरूमसारखा येईल. मी म्हटलं, पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा आहे, बॉडीच त्यावर ठोकलीय. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे हे फर्निचर आहे."

आरटीओच्या एजंटाचं आणखी वेगळं. २०२१च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम काढले: पन्नास वर्षांच्या वरची, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर, फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची. रोज भाजी आणायला न्यायची नाही. मला तो नंबर हवा होता. एजंटाने आरसी पाहिली आणि बोट ठेवलं. "रंग, रेड. म्हणजे सरकारदरबारी तुमची गाडी मूळची लाल. तुम्ही हिरवी केली की तो बदल झाला. मग मूळ रूप कुठं राहिलं?" मी म्हटलं, अहो, लालच नंतरचा आहे. तो म्हणाला, "पुरावा?" मी टूलबॉक्सच्या झाकणाबद्दल सांगितलं. त्याने चहा मागवला. एकच.

म्हणून शनिवारी, निदान शेड तरी जुळवून ठेवू असं ठरवून, ते झाकण वर्तमानपत्रात गुंडाळून मी नाना पेठेत गेलो. दुकानात एक रंग वाचायचं यंत्र आहे. ते पत्र्यावर टेकवलं की कुठला रंग किती थेंब घालायचा ते स्क्रीनवर येतं. ते चालवणारा पोरगा डबे ढवळत होता. माझ्या आधी एक पंच्याहत्तरीचे गृहस्थ उभे होते, स्कूटरच्या टचअपसाठी पाव लिटर करडा रंग घ्यायला. मी झाकण काउंटरवर ठेवलं. त्यांनी ते न विचारता उचललं, दाराशी नेलं, उजेडात तिरकं धरलं, आणि निकाल दिला.

"दुधी."

"आल्मंड ग्रीन," मी म्हणालो.

"नाव काहीही असेल. रंग दुधीचा आहे. कोवळ्या नव्हे, जून दुधीचा. बी धरलेल्या." मग माझ्याकडे वळून, "कशाचं झाकण?"

मी सांगितलं. आबिंग्डन, १९५१, टीडी. ते मान हलवत होते, पण ती दुधीसाठी. "आमच्या जुन्या वाड्यातल्या न्हाणीघराला हाच होता. हाच! थांबा." आणि त्यांनी फोन काढून घरी लावला, स्पीकरवर.

"अगं, आपल्या न्हाणीघराच्या भिंतीचा रंग कुठला होता?"

"कुठल्या न्हाणीघराच्या?" पलीकडे कुकरची शिटी.

"वाड्यातल्या."

"कुणाला हवाय?"

"एक गाडीवाले आहेत इथे."

"गाडीला न्हाणीघराचा रंग देणारेत?"

"अगं, मूळचा आहे तो."

"अहो, मूळचा असला म्हणून काय झालं? आपलाही मूळचाच होता ना? तो घालवायला टाइल्स लावल्या."

या सबंध प्रकरणात माझ्या कानावर आलेलं पहिलं सुसंगत वाक्य ते होतं. मला वाटलं, इथेच नमस्कार करून निघावं. पण काकांचं समाधान झालं नव्हतं. "पण रंग दुधीच होता की नाही, ते सांग."

"दुधी होता."

"कोवळा की जून?"

पलीकडे थोडा विचार झाला. "दिला तेव्हा कोवळा होता. बंबाच्या धुराने जून झाला."

काकांनी फोन ठेवला आणि एखाद्या न्यायाधीशासारखं सगळ्या दुकानाकडे पाहिलं. तोवर दुकानात आणखी तिघं जमले होते. त्यातला एक टँकरवाला 'कोवळा' या बाजूने झुकलेला दिसत होता. "ऐकलंत? तुमचा हा रंग खरा नाहीच," काका म्हणाले. "इंजिनाची धग लागून जून झालाय. तुम्ही हा मॅच करून सगळी गाडी जून रंगवणार. मूळ कोवळा आत आहे. त्यावरची मळी काढली पाहिजे."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. जुन्या रंगाचं हे खरंच असतं. उष्णता आणि तेल मिळून तो पिवळट पडतो. म्हणून मी हात पुढे केला नाही. त्यांनी पोराच्या हातातली चिंधी घेतली, थिनरच्या डब्यात बुडवली, आणि बंबाजवळची भिंत घासावी तशी, गोल गोल न घासता उभी, जोर लावून, दोनदा ओढली.

आता जुन्या सेल्युलोज रंगाची गोष्ट अशी की तो फक्त थिनर उडून वाळलेला असतो, आजच्या हार्डनरवाल्या रंगासारखा आतून घट्ट जुळलेला नसतो. सत्तर वर्षांनीसुद्धा थिनर भेटला की विरघळतो. मला हे माहीत होतं. आदल्याच आठवड्यात मी हे मुलाला पाऊण तास समजावून सांगितलं होतं, तो फोन बघत असताना. आणि तरी ती चिंधी डब्यातून निघून झाकणावर येईपर्यंतच्या दोन सेकंदांत माझ्या तोंडून आवाज फुटला नाही, कारण समोर वयाने मोठा माणूस होता.

झाकण चकाकत होतं. पत्रा. नुसता पत्रा.

"बघा, कसं लख्ख निघालं!"

"वा."

पोराने यंत्र झाकणावर टेकवलं. स्क्रीनवर सिल्व्हर मेटॅलिकचं काहीतरी आलं. मग त्याने बिचाऱ्याने चिंधीवर टेकवून पाहिलं. "दादा, कापड स्कॅन होत नाही." टँकरवाला म्हणाला, वाळू द्या, वाळल्यावर कळेल. वाळल्यावर चिंधीवर दुधी होता, करडा होता, आणि त्या बनियनच्या मालकाचा स्वतःचा काही रंग होता.

मला राग काकांचा नाही. म्हणजे आहे, पण तेवढ्यापुरता. खरा राग या सगळ्यांचा आहे: लाल ठेव म्हणणाऱ्यांचा, काळी कर म्हणणाऱ्यांचा, पाप-पुण्य काढणाऱ्यांचा. कात्रजच्या चढावर ही गाडी बंद पडली होती तेव्हा यांच्यापैकी एकानेही तिला ढकललेलं नाही. पंधरा वर्षं तिच्या बॅटरीचं पाणी मी बघतो, एका रबरी बुशसाठी इंग्लंडहून कुणी येणार आहे का म्हणून नातेवाइकांच्या नातेवाइकांना फोन मी करतो. आणि रंगाचं मत मात्र रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आहे. पंक्चरबद्दल कुणाला मत नसतं.

आणि स्वतःचाही थोडा आहे. झाकण पुसलं गेलं तेव्हा पोटात खड्डा पडला, हे खरं. पण त्या खड्ड्याच्या तळाशी कुठेतरी बरं वाटलं होतं. चला, आता पुरावाच नाही. आता लाल.

ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. साडेसातला अनोळखी नंबरावरून फोन आला. काकाच. दुकानात पोराने नाव-नंबर लिहून घेतला होता, त्या वहीतून त्यांनी माझा घेतला.

"झाला का रंग तयार?"

"कसला होतोय? नमुनाच गेला ना."

"हो का?" थोडी शांतता. "नाही, आमच्या मंडळींनी विचारलंय. उरला तर पावशेर द्या, बाथरूमच्या दाराला लावू म्हणतेय. जुनी आठवण."

मी फोन ठेवणार होतो. शप्पथ ठेवणार होतो. पण समोर भिंतीला ते चकचकीत झाकण टेकवलेलं होतं, आणि आबिंग्डनच्या त्या रंगाचा माझ्यापुरता एकच हयात साक्षीदार फोनच्या त्या टोकाला कणीक मळत होता.

"काका," मी म्हटलं, "काकूंना जरा फोन द्या."

गेल्या तीन दिवसांत आमचे चार फोन झालेत. दोन शेडकार्डं मी घरी पोचवून आलोय. पिस्ता बाद झाला, कोबी बाद झाला. उद्या सकाळी काकू मंडईत जाणार आहेत. बाजारात बरा दुधी दिसला तर मला बोलावतील. येताना चिंधी घेऊन या म्हणाल्यात.