व्यक्तिपरत्वे बदलणारा चिनी काढा : एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

चिनी वैद्यकात एकाच आजारावर प्रत्येक रुग्णाला वेगळा काढा का दिला जातो, या विषयावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. 'प्रत्येकासाठी वेगळे औषध' ही एक पळवाट आहे, असे आपले म्हणणे आहे. गुण आला की श्रेय वैद्याचे, नाही आला की 'काढा प्रकृतीला जुळला नाही' असे म्हणून हात झटकायचे; असा उपचार कधी चुकीचा ठरूच शकत नाही, म्हणून त्याला शास्त्र म्हणता येत नाही. दोन वैद्य एकाच रुग्णाला दोन वेगळ्या चिठ्ठ्या लिहून देतात याकडे आपण लक्ष वेधले आहे, चिनी वनौषधींमुळे मूत्रपिंडे बिघडल्याच्या बेल्जियममधील प्रकरणाची आठवण करून दिली आहे आणि शेवटी, सिंगापुरात राहणाऱ्या आपल्या बहिणीने अशा दवाखान्यात जावे का, असे विचारले आहे. इतक्या गंभीर मुद्द्यांना दोन ओळींत उत्तर देणे योग्य झाले नसते.

पळवाटीचा आरोप मनमानीला लागू पडतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण या परंपरेतला बदल मनमानी आहे का, हे आधी पाहू. इसवी सन 200च्या सुमारास चांग चुंगचिंग या वैद्याने लिहिलेल्या 'शांगहान लुन' या ग्रंथातला 'ग्वेझी तांग' हा काढा घ्या. त्यात पाच द्रव्ये आहेत : चिनी दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, पिओनीचे मूळ आणि ताजे आले प्रत्येकी 3 लिआंग (हे जुने चिनी वजन), भाजलेले ज्येष्ठमध 2 लिआंग आणि 12 चिनी बोरे. सात मापे पाणी आटवून तीन मापे करायचे आणि एक माप प्यायचे. ताप आहे, वारा सोसवत नाही आणि घाम येतो आहे, अशा रुग्णासाठी हा काढा आहे. ताप तसाच, पण घाम मुळीच नाही, अंग ठणकते आहे आणि धाप लागते आहे, तर हा काढा चालत नाही. तिथे इफेड्रा ही वनस्पती असलेला 'माह्वांग तांग' द्यायचा.

आता याच पाच द्रव्यांचे प्रमाण बदलले की काय होते ते पाहा. पिओनीचे मूळ 3 लिआंगांऐवजी 6 केले की तो पोटदुखीचा काढा होतो. त्यातच मोड आणलेल्या धान्याचा गोड पाक घातला की अशक्त, पोटात कळा येणाऱ्या माणसाचे औषध तयार होते. दालचिनीच्या फांद्या 3 ऐवजी 5 लिआंग केल्या की ओटीपोटातून छातीकडे काहीतरी उसळते आहे असे वाटणाऱ्या रुग्णासाठी तो दिला जातो. मान आणि पाठ आखडली असेल तर मूळ काढ्यात गगन नावाचे कंदमूळ वाढवायचे. प्रत्येक फेरफाराला वेगळे नाव आहे, वेगळे लक्षण आहे आणि ते लिहून ठेवलेले आहे. रुग्णाने काय करायचे तेही तितकेच नेमके सांगितले आहे : काढा घेतल्यावर गरम, पातळ भाताची पेज प्यावी, अंगावर पांघरूण घ्यावे, अंगाला नुसता ओलसर घाम सुटू द्यावा, तो पाण्यासारखा वाहू देऊ नये, आणि एका मात्रेने उतार पडला तर उरलेला काढा घेऊ नये. हे सगळे खरे आहे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. पण ज्या पद्धतीत 'घाम येत असेल तर हे, नसेल तर ते' असे बांधून घेतलेले असते, ती चुकीची ठरू शकते. म्हणूनच ती तपासता येते, आणि ती तपासली गेलेली आहे. माझा मूळ लेख या एका मुद्द्यावर उभा होता आणि त्यावर मी आजही ठाम आहे.

1998 साली प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातील चाचणी आपण वाचावी, असा माझा आग्रह आहे. वारंवार पोट बिघडण्याचा, म्हणजे आयबीएसचा त्रास असलेले 116 रुग्ण तिच्यात होते. चिनी वैद्यांनी प्रत्येकाला तपासून त्याच्यापुरती चिठ्ठी लिहिली. पण त्याला प्रत्यक्षात काय मिळणार हे सोडत काढावी तसे ठरवले गेले. काहींना त्यांच्यासाठी बेतलेले मिश्रण मिळाले, काहींना सर्वांसाठी एकच ठरलेले मिश्रण आणि काहींना औषधाचा अंशही नसलेल्या, दिसायला तशाच कॅप्सूल. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते, वैद्यांना नव्हते आणि पोटविकारतज्ज्ञांनाही नव्हते. 16 आठवड्यांनंतर दोन्ही मिश्रणे घेणाऱ्यांना नुसत्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा अधिक बरे वाटत होते. मात्र बेतलेले मिश्रण ठरलेल्या मिश्रणापेक्षा सरस ठरले नाही. उपचार थांबवून 14 आठवडे झाल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा सुधारणा टिकून राहिली होती ती फक्त बेतलेले मिश्रण घेणाऱ्यांत. त्या गटात 38 जण होते, त्यामुळे एवढ्यावर मोठा निष्कर्ष काढू नये, हे मी आपल्या आधी म्हणतो.

हाँगकाँगमध्ये केमोथेरपी घेणाऱ्या 120 रुग्णांवर अशीच चाचणी झाली आणि ती 2007 साली प्रसिद्ध झाली. तिथेही प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी होती. रक्तपेशी कमी होण्याचा दुष्परिणाम या औषधांनी रोखला गेला नाही. मळमळ मात्र कमी झाली. मुख्य प्रश्नावर उपचार अयशस्वी ठरला आणि तसे स्पष्ट छापले गेले. त्याच वर्षीच्या एका आढाव्यात व्यक्तिपरत्वे दिल्या जाणाऱ्या वनौषधींच्या कसोटीला उतरणाऱ्या अवघ्या तीन चाचण्या सापडल्या आणि खात्रीलायक पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. तो मला योग्य वाटतो. मी मूळ लेखात काढ्यांच्या रचनेमागचा विचार मांडला होता, ते हमखास गुण देतात असा दावा केला नव्हता. पण 'पुरावा तोकडा आहे' आणि 'पुरावा मिळूच शकत नाही' ही दोन विधाने एक नव्हेत. आपण दुसरे विधान केले आहे आणि माझा विरोध फक्त त्याला आहे.

दोन वैद्य, दोन चिठ्ठ्या हा आपला मुद्दा मात्र मला सर्वांत जड वाटतो. संधिवाताच्या रुग्णांना तीन चिनी वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा त्यांची निदाने एकतृतीयांशाहून कमी वेळा जुळली. निदानच जुळत नसेल, तर त्यावर बेतलेला काढा कितीही नियमबद्ध असला तरी पायाच डळमळीत राहतो. जीभ पाहणे आणि नाडी पाहणे यांविषयी आपल्याकडे वैद्यांच्या हाताचे जसे कौतुक होते तसे तिकडेही होते, आणि कौतुकाच्या भरात हे मोजायचे राहून जाते. त्याच संशोधकांनी पुढे वैद्यांना निदानाच्या समान निकषांचे प्रशिक्षण दिले, तेव्हा एकमत बरेच वाढले. याचा अर्थ दोष सुधारता येण्याजोगा आहे. पण रोजच्या दवाखान्यांत तो सुधारला गेला आहे, असे मी म्हणणार नाही.

चिनी संशोधक तू योयो यांच्या 2015च्या नोबेलचा दाखला देऊन काही वाचकांनी माझी बाजू घेतली आहे. त्यांचा मी आभारी आहे, पण तो दाखला इथे गैरलागू आहे. चौथ्या शतकातल्या ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस प्यायला सांगितले होते. त्यावरून उष्णतेने गुण नष्ट होत असावा हे तू योयो यांच्या ध्यानात आले आणि पुढे आर्टेमिसिनीन हे मलेरियावरचे द्रव्य हाती लागले. तो एक रेणू आहे आणि त्यापासून बनवलेली औषधे मलेरियाच्या रुग्णाची प्रकृती न पाहता दिली जातात. माणसागणिक औषध बदलण्याच्या बाजूने त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आपण म्हणता ती पळवाट प्रत्यक्षात कशी वापरली जाते, याचे उदाहरण जपानमध्ये आहे. 'शांगहान लुन'मधलाच एक काढा तिथे 'शोसाइकोतो' या नावाने यकृताच्या जुनाट दाहावर सर्रास दिला जाऊ लागला. मार्च 1996मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने हा काढा घेणाऱ्यांतील फुप्फुसदाहाच्या 88 रुग्णांची आणि त्यांतल्या 10 मृत्यूंची माहिती जाहीर केली. यावर, रुग्णाची अवस्था न पाहता केवळ रोगाच्या नावावर औषध दिल्यामुळे हे घडले, असे समर्थन मी अनेकदा वाचले आहे. ते खरे असू शकेल. पण अवस्था पाहून औषध दिलेल्यांना हा त्रास झाला नाही असे आकड्यांनी दाखवल्याशिवाय ते मान्य करता येणार नाही. नाहीतर आपला आरोप शब्दशः खरा ठरेल.

बेल्जियमच्या बाबतीत थोडा तपशील सांगणे आवश्यक आहे. ब्रुसेल्समधील वजन घटवण्याच्या त्या उपचारात चिनी वनस्पतींची पूड आधुनिक औषधांसोबत दिली जात होती. फांगची या नावाच्या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. हव्या असलेल्या वनस्पतीऐवजी अरिस्टोलोकिया कुळातली आली, तिच्यातल्या विषारी आम्लाने शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली आणि पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. पहिला वैद्यकीय अहवाल 1993 सालचा आहे. चिनी वैद्याने नाडी पाहून दिलेला हा काढा नव्हता, हे खरे आहे. पण म्हणून चिनी परंपरा सुटली असे मी म्हणत नाही, कारण अरिस्टोलोकियाच्या जाती चीनमध्येही परंपरेने वापरात होत्या आणि चिठ्ठी कितीही अचूक असली तरी खणातले मूळच चुकीचे असेल तर ती रुग्णाला वाचवत नाही. उलट, गोळीचा एक घाणा प्रयोगशाळेत तपासून हजारोंना देता येतो. रोज बदलणाऱ्या पुडीची तशी तपासणी होत नाही. व्यक्तिपरत्वे औषधाचा हा खरा तोटा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

आता आपल्या बहिणीविषयी. सिंगापुरात चिनी वैद्यांना कायद्याने नोंदणी करावी लागते, त्यामुळे समोरचा वैद्य नोंदणीकृत आहे की नाही हे त्यांना सहज पाहता येईल. मी त्यांना जा किंवा जाऊ नका असे सांगणार नाही. पण गेल्या तर प्रत्येक द्रव्याचे नाव आणि ग्रॅममधले वजन लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी आणि ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावी. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असेल तर तानशन आणि तांगक्वे ही दोन मुळे टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्तदाब असेल तर काढ्यात ज्येष्ठमध किती आहे आणि तो किती दिवस घ्यायचा, हे विचारावे. ज्येष्ठमध अनेक काढ्यांत असते आणि जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढवते, पोटॅशियम कमी करते. काढा सुरू केल्यावर लघवीचे प्रमाण कमी झाले, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर 'औषध लागू पडण्याआधी असे होते' या आश्वासनावर न थांबता काढा बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.