‘कुठलाही फोर्क बसतो’ हे खरं नाही

जुन्या २६ इंची माउंटन बाइकला सेकंडहँड १४० मिमी दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा दुशाखा भाग) घ्या, कुठलाही बसतो आणि सायकल नव्यासारखी होते, असा एक मेसेज फोंडा-डिचोली भागातल्या सायकलवाल्यांत फिरतोय. कृपया त्यावर विसंबून पैसे देऊ नका.

जुन्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा सव्वा इंचाहून थोडी बारीक, २८.६ मिमीची सरळ स्टीअरर नळी (फोर्कची वरची, फ्रेममधून हँडलपर्यंत जाणारी नळी) बसते. आजच्या बऱ्याच फोर्कची ही नळी खाली दीड इंचापर्यंत रुंद होत जाते. असे फोर्क जुन्या फ्रेममध्ये शिरतच नाहीत. सेकंडहँड घेताना नळी आधीच आखूड कापलेली नाही ना, तेही मोजून घ्या. व्ही-ब्रेक (चाकाची रिम दाबणारा) असेल तर फोर्कवर त्याचे खुंट हवेत. फोर्कचा अ‍ॅक्सल (चाकाचा आस) १५ मिमीचा निघाला तर हब (चाकाचा मधला भाग) किंवा अख्खं चाक बदलावं लागतं, मग स्वस्त कसलं?

ट्रॅव्हलचा, म्हणजे फोर्क किती दबतो याचा, मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. ८० मिमीसाठी बनवलेल्या फ्रेमला १४० मिमी लावला की पुढची बाजू उचलली जाते, हँडल चढावर भरकटतं आणि हेडट्यूबच्या (स्टीअरर जिच्यातून जाते त्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) जोडावर नको तेवढा ताण येतो. जोड सुटला तर चोर्ला घाटाच्या उतारावर काय होईल, सांगायला नको. मूळ ट्रॅव्हलपेक्षा फार तर २० मिमी जास्त, तेही फ्रेमला चालत असेल तरच.

आणि आधी जुना फोर्क उघडून बघा. खाऱ्या हवेने नळ्यांवर खड्डे पडले नसतील, तर नवे सील, ग्रीस आणि तेल एवढ्यावरही तो पुन्हा मऊ चालतो.