पुढारी वर्गात घडतो की मंडळात?

पार्क चौकाजवळचा कट्टा, मधोमध शेंगांचा पुडा. टिळकांच्या टरफलांची गोष्ट निघणारच होती. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही," बसूअण्णांनी हातवारे करून म्हणून दाखवलं. "पुढारी असा वर्गातच दिसतो. पाळण्यातले पाय."

"उलटं वाचायलाय तुम्ही, अण्णा," सलीम म्हणाला. "गुरुजींना नाही म्हणणारी चार पोरं कुठल्याही वर्गात असतात. त्यातला एक मोठा झाला की त्याचा बाणेदारपणा, उरलेल्या तिघांचा आगाऊपणा. मोठेपण आधी कळतं, लहानपण आपण मागून शोधतो."

विजयाताईंची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेलेली. त्यांनी हार्टशॉर्न आणि मे या दोन संशोधकांचं काम काढलं. १९२८ ते १९३० या काळात छापलेलं, अमेरिकेतलं. हजारो शाळकरी मुलांना लबाडीची आयती संधी मिळेल अशा चाचण्या दिल्या होत्या. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा, खेळातला स्वतःचा आकडा स्वतः लिहायचा. गणितात फसवणारं पोर खेळात सरळ निघायचं, आणि उलटही. "म्हणजे प्रामाणिक पोर आणि लबाड पोर अशी दोन खाती नसतात. प्रसंग बदलला की पोर बदलतं. बरोबर काय ते कळणं वेगळं आणि 'मी असलं करणारा नव्हे' असं आतून वाटणं वेगळं. हे दुसरं दहा-बाराव्या वर्षानंतर हळूहळू बसत जातं, तेही हातात काम असेल तर. नुसत्या सुविचारानं नाही."

"मग मॉनिटर करा की," अण्णा.

इथं ताई तापल्या. मॉनिटर म्हणजे काय, तर फळ्याच्या कोपऱ्यात 'बडबड करणारे' ही यादी. नावापुढं फुल्या. दोस्ताचं नाव बाई आत यायच्या आधी डस्टरनं पुसलं जातं, अर्धा पेरू दिला की एक फुली कमी. सत्ता म्हणजे मेहेरबानी हा धडा चौथीतच पक्का होतो. (पुढं महापालिकेत तो नव्यानं शिकवावा लागत नाही.)

त्यांची पद्धत अशी: यादी बंद. मॉनिटर दर सोमवारी हजेरी क्रमांकानं बदलायचा, निवडणूक घ्यायची नाही. कामं तीनच: खडू-डस्टर, पाण्याचं पिंप, खिचडी वाढणं. वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं. पहिल्या दिवशी वाढायचा डाव भरभरून जातो आणि मॉनिटरला खिचडी उरत नाही. बाईंनी त्याच्यासाठी गुपचूप ताट काढून ठेवलं की सगळं फुकट. उपाशीही ठेवायचं नाही. शेजारच्या वर्गात जाऊन त्यानंच मागून आणायची. दुसऱ्या दिवशी डाव आपोआप बेतानं भरला जातो.

शनिवारी दहा मिनिटं वर्ग त्याला प्रश्न विचारतो. "फाडून खात असतील बे पोराला," सलीम. ताईंचं म्हणणं, खातात, म्हणून प्रश्न फक्त कामावर, पोरावर नाही. 'चुकलं' म्हणून सुटका नाही, भरून कसं काढणार ते सांगायचं. आणि बाईंनी मधे तोंड घालायचं नाही, नाहीतर पोरं बाईंच्या चेहऱ्याकडं बघून उत्तरं देतात.

"शेवटी बक्षीस काय?"

काहीच नाही. ताईंनी दाखला दिला: वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली वीस महिन्यांच्या बाळांवर प्रयोग मांडला होता. मदत केल्यावर ज्यांना वस्तू मिळाली, ती पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. नुसती शाबासकी मिळालेल्यांचं तसं झालं नाही.

अण्णांनी मग गांधीजी आणले. पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं काढलं, चिठ्ठी लिहून वडिलांच्या हातात दिली, शिक्षाही मागितली. वडील रडले, चिठ्ठी फाडली, हात उचलला नाही. "आमच्या बापानं चिठ्ठी ठेवून आम्हाला फाडलं असतं."

"ही पण मोठेपणी सांगितलेलीच गोष्ट," सलीम.

"असू दे," ताई म्हणाल्या. "मी त्यातनं गांधी नाही, बाप उचलते. खरं सांगितल्यावर मार बसला, तर पुढच्या वेळी पोर फक्त सफाईनं खोटं बोलायला शिकतं."

हे अण्णांना पटलं, कारण त्यांच्या मंडळात वर्गणीला बारा-तेरा वर्षांची पोरं जातात. जोडी पाठवतात: एक पावती लिहितो, दुसरा रोकड सांभाळतो, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. रात्री स्थळप्रतींची बेरीज आणि रोकड समोरासमोर. तूट आली तर शेवटच्या स्थळप्रतीमागं कारण पोरानंच लिहायचं. सगळ्यात जास्त घाण होते ती एखादा दादा "राहू दे, लहान हाय" म्हणत खिशातली नोट टाकून हिशोब जुळवतो तेव्हा. पोराला दोन गोष्टी कळतात: हिशोब जुळवता येतो, आणि दादाचे आपल्यावर उपकार आहेत.

"आणि मंडळाचा जमाखर्च फलकावर लावता?" सलीमनं विचारलं.

"लावतो की."

"डीजेचा आकडा पण?"

"डीजेचं जरा वेगळं असतंय," अण्णा म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास भांडण त्याच्यावरच चाललं.