जंगल उभं असूनही सोनेरी भेक का संपले?

नमस्कार. पनामातला सोनेरी भेक (बेडकाचाच एक प्रकार) रानातून कायट्रिड नावाच्या बुरशीमुळे संपला आणि उरलेले भेक वाचवण्यासाठी टाक्यांत पाळलेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर ‘बुरशीचं नाव पुढे करून तुम्ही जंगलतोड झाकताय, आणि टाक्यांत कोंडलेले भेक ओढ्यात सोडून द्या,’ असं तुम्ही लिहिलंय.

जंगलतोड खरीच. पनामातल्या एल व्हाये दे आंतोनच्या उतारांवर शेती, घरं वाढली आणि विक्रीसाठी हे भेक पकडलेही गेले. पण पनामातलंच एल कोपेचं राष्ट्रीय उद्यान बघा. जंगल राखीव, ओढे स्वच्छ. 2000 पासून तिथे बेडूक तपासले जात होते, बुरशी सापडत नव्हती. सप्टेंबर 2004 मध्ये पहिला बाधित बेडूक मिळाला आणि पुढच्या काही महिन्यांत ओढ्याकाठी मेलेल्या बेडकांचा खच पडला. झाडं तशीच उभी होती.

बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो. कायट्रिड बुरशी नेमकी तिथेच, कातडीतल्या केराटिन या कठीण प्रथिनावर वाढते. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम घटतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. तिला 17 ते 25 अंश सेल्सिअस मानवतं, म्हणजे डोंगरातला गार ओढा अगदी सोयीचा. टॅडपोलच्या (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या) तोंडापुरतंच केराटिन असतं, म्हणून ते तगतात आणि भेक झाल्यावर मरतात. ओढ्यात पिल्लं दिसली म्हणून निर्धास्त होता येत नाही.

आता सोडण्याचं. इट्राकोनाझोल या बुरशीनाशक औषधाच्या 0.01 टक्के द्रावणात रोज 5 मिनिटं, सुमारे 10 दिवस बुडवून बुरशी घालवता येते. पण त्यातून पुढचं संरक्षण मिळत नाही, आणि ओढ्यातले इतर बेडूक बुरशी अंगावर बाळगून जगत असतात. बुरशीला रोखणारे जिवाणू कातडीवर लावून पाहिले, सोनेरी भेकांवर ते टिकले नाहीत. रानात हा भेक 2009 नंतर दिसलेला नाही, त्यामुळे टाक्यांतला साठा हेच त्याचं उरलेलं वाण. ते एकदम सोडून देणं मला अक्षम्य वाटतं.

थोडे थोडे सोडून पाहणं वेगळं. 2018 मध्ये त्याच्या जवळच्या नात्यातल्या ॲटेलोपस व्हेरियस या जातीचे सुमारे 500 भेक पनामाच्या कोलोन प्रांतात सोडले, काहींना ट्रान्समीटर लावून. त्याच वर्षीच्या संशोधनात दिसलं की बुरशी सौम्य झालेली नाही. साथीतून वाचलेल्या रानातल्या भेकांचा कातडीस्राव मात्र तिला जास्त रोखतो. असे वाचलेले भेक शोधून त्यांची पैदास करणं, माझ्या मते, सर्वांत निकडीचं.

बुरशी पसरू नये म्हणून ओढ्यात उतरण्याआधी बूट धुण्याची माझी सूचना तुम्हाला ‘अति’ वाटली. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही ही बुरशी आढळल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालंय. आंबोलीत एका ओढ्यातून दुसऱ्यात उतरण्याआधी बुटांच्या तळव्यातला चिखल ब्रशने काढा, बूट ब्लीचच्या पाण्याने ओढ्यापासून लांब धुवा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. ओले बूट असतील तर दुसरा जोड घाला.